दादरच्या पुलापलीकडची वाडी

काशे, मी दिघीहून निघाले तेव्हा पडावात चढताना माझी एक वहाण पाण्यात गेली, आठवतंय? मुंबईला जायचं म्हणून मुद्दाम घेतलेली. तू काठावर उभी होतीस आणि तुला त्याही वेळी हसू फुटलं. तेव्हा मला तुझा असा राग आला की बोलायची सोय नाही. आता वाटतं, बरं झालं हसलीस. त्या दिवशी दुसरं कुणीच हसलं नव्हतं.

बोर्लीहून पहाटे गाडी जुंपली होती, तरी दिघीला पोचेतो उन्हं वर आली. आगबोट लांब खोल पाण्यात उभी. तिच्यापर्यंत पडावातून जायचं. तांडेल हसनचाचा अण्णांच्या ओळखीचा. त्यानं मला हाताला धरून बसवलं आणि म्हणाला, "बस पोरी, भिऊ नको. मुंबय काय लांब न्हाय." अण्णा गुडघाभर पाण्यात पडावाची कड धरून उभे होते. माझी आई मी परकरी असतानाच गेली, पाठीला भाऊ नाही की बहीण नाही. घरात आम्ही दोघंच आणि मागे सुपारीची वाडी. आता मीही निघाले होते, लग्नाला पुरता महिनाही झाला नव्हता. मला वाटलं, अण्णा आता काहीतरी म्हणतील, जन्मभर पुरेल असं. तर ते म्हणाले, "रडायचं तर आगबोटीत चढल्यावर रड. पडावात रडलीस तर तोल जाईल." मी शहाण्यासारखी थांबले आणि मग रेवदंडा येईपर्यंत रडून घेतलं. आमच्या ह्यांना वाटलं मला बोट लागलीय. त्यांनी बिचाऱ्यांनी खिशातून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. नवी नवरी नि नवा नवरा, बोलणार तरी काय?

हे सगळं तुला लिहितेय, पण तुझ्यासारख्याच गावी राहिलेल्या बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. आणि माझ्यासारख्या पडावात बसून गेलेल्या असतील त्यांनी तर वाचावंच.

दादरला आमचं बिऱ्हाड रुळांच्या पूर्वेला, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, समाईक गॅलरी, भिंतींना अजून चुन्याचा वास. हे परळच्या एका गिरणीच्या हापिसात कारकून. सकाळी जेवून निघायचे ते दिवेलागणीला परत. मधला दिवस सगळा माझ्या एकटीचा. दोन माणसांचा स्वयंपाक तो केवढा? दिवस इतका लांबलचक असतो हे मला मुंबईत येऊन कळलं, कारण गावाला तो कधी संपूर्ण हातात आलाच नव्हता.

शेजारणी वाईट नव्हत्या गो. एक कारवारकडची, एक नाशकाची, एक खास मुंबईची. तिला माझं हेल काढून बोलणं ऐकून फार गंमत वाटे. पण मी कोण, कुणाची, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. बोर्लीत मी परसात शिंकले तर तुझी सासू आलं-गवतीचहाचा काढा घेऊन कुंपणाशी हजर. इथं मी जिन्यावरून पडून मेले असते तर लोकांनी आधी विचारलं असतं, ही कुठल्या खोलीतली? पहिलं वर्षभर मी रोज मनातल्या मनात घरी जाऊन यायचे. आत्ता अण्णांनी रहाटाला बैल जुंपला असेल, आता पाटाला पाणी आलं असेल, आता काशी घागर घेऊन निघाली असेल. इकडे माझी आमटी करपायची.

मग मला पूल सापडला. सापडला म्हणजे काय, तो काय हरवला होता? सगळं दादर त्याच्यावरूनच जा-ये करायचं. नवाच होता, मी यायच्या थोडी वर्षं आधी झालेला. खाली आगगाडीचे रूळ, एका कंपनीचे एका अंगाला नि दुसरीचे दुसऱ्या अंगाला, आणि त्या सगळ्यांवरून हा दगडी कठड्याचा चढाव. आमच्या बाजूला बिऱ्हाडं आणि ट्राम. पलीकडे भाजीबाजार, देऊळ, समुद्र आणि स्मशान. म्हणजे जगायचं तरी पुलावरून जा आणि मेल्यावरही पुलावरूनच जा. सकाळी टोपल्या घेऊन आगरी बायका, मग शाळेची पोरं, मग छत्रीवाले हापिसर, दुपारी हातगाड्या. गाडीवाल्याला चढ ओढवला नाही की येणारा-जाणारा कुणीतरी मागून खांदा लावायचा आणि माथ्यावर आलं की एकमेकांकडे न बघता दोघं आपापल्या वाटेला. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली तर प्रभातफेऱ्या पुलावर चढताना एवढा आवाज व्हायचा की आमच्या खोलीत दूध उतू गेलं तरी भान नसे. भाद्रपदात गणपती वरून जायचे आणि तेवढ्यात खालून इंजिन गेलं तर देवासकट सगळे धुरात. नंतर विजेच्या गाड्या वाढल्या तेव्हा आमच्या लुगड्यांवरचे काळे ठिपके कमी झाले. सुधारणा म्हणजे काय ते मला तेवढं कळलं.

जुन्या शेजारणी सांगत, पूर्वी इथं फाटक होतं. गाडी यायची असली की दोन्ही अंगांना माणसं खोळंबायची आणि तिथं म्हणे बायकांच्या ओळखी व्हायच्या. ते मला लगेच पटलं. आगरदांड्याला होडी येईस्तोवर बसावं लागतं, म्हणून तर आपल्याला पलीकडच्या गावातल्या लेकीसुना माहीत असतात. पुलावर कुणी थांबत नाही.

मी थांबायचे. भाजी आणायच्या निमित्तानं जायचे आणि माथ्यावर कठड्याला टेकून उभी राहायचे, कारण तिथून पश्चिमेला माडांचे शेंडे दिसत. समुद्र दिसत नसे, पण दुपारनंतर त्याचा वारा यायचा. एकदा एका पोलिसानं हटकलं, "बाई, काही हरवलंय का?" मी नाही म्हटलं आणि मुकाट चालू लागले. घरी येऊन मात्र हमसून हमसून रडले. कारण सबंध महिन्यात परक्या माणसानं आपण होऊन माझ्याशी बोललेली ती एकच गोष्ट होती.

अशी चारेक वर्षं गेली. माझा एकच धोशा होता, अण्णांनी आता इकडं यावं. ह्यांच्या घरचं गावाकडे कुणी उरलं नव्हतं, तेव्हा त्यांची ना नव्हती. उलट ते म्हणाले, माझ्यापेक्षा तुलाच सोबत होईल. अण्णा नुसतं हूं हूं करत राहिले आणि अखेर एका संक्रांतीनंतर आले. वाडीचं शिंपण तुझ्या सासऱ्यांवर सोपवलं होतं, तुला माहीतच आहे. राहायचं की परत जायचं ते पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत सांगेन, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. झालं. माझा जीव टांगणीला लागला तो पार वैशाखापर्यंत.

पहिले आठ-पंधरा दिवस बघवत नव्हते. गॅलरीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे, जणू खाली भरतीचं पाणी चढतंय. नळाला पाणी कुठून येतं हे त्यांनी ह्यांना विचारलं. डोंगरापलीकडच्या तलावातून येतं म्हटल्यावर त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. ज्या माणसाला आपलं पाणी कुठल्या पाटानं येतं ते डोळ्यांनी बघायची सवय, त्याच्या घशाखाली ते पाणी उतरेना. जेवण अर्ध्यावर आलं. मी मनात म्हटलं, हे काही राहत नाहीत.

म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना पुलावर घेऊन गेले. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं. माथ्यावर आल्यावर त्यांनी हातगाड्या बघितल्या, रूळ बघितले आणि मग त्यांची नजर माडांकडे गेली. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मधे पोफळी दिसतायत." मला कधी दिसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर एकटेच बाहेर पडले ते मध्यान्हीला आले. पायाला चिखल, धोतराचा सोगा ओला, आणि आल्या आल्या पोटभर जेवले. रोज तसंच. मला वाटलं समुद्रावर अंघोळ करतात.

एक दिवस मी मागोमाग गेले. पूल उतरून बाजार मागे टाकला की तेव्हा वस्ती विरळ होती. नवे रस्ते आखलेले, मधे मधे जुन्या वाड्या. अशाच एका वाडीत, कुंपणाच्या मोडक्या बेड्यातून, फाटकातून, आत, अण्णा. विहिरीवरचा रहाट कधीचा मोडून पडलेला. ते पोहऱ्यानं पाणी काढत होते आणि पाटात ओतत होते. पाट त्यांनीच कुठून कुठून साफ करून मोकळा केलेला. मग वाकून पोफळीच्या विरीनं, ते रुंद देठ असतं ना झावळीचं, त्यानं एकेका झाडाच्या बुंध्याशी पाणी उडवत चालले होते. अगदी घरच्यासारखे. मी म्हटलं, अहो, वाडी कुणाची ही? तर म्हणाले, कुणाची तरी आहे. उन्हानं चाललीय. मालक आजारी असेल, नाहीतर सुतकात असेल. बेड्यावर इंग्रजी पाटी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, ते बघ नाव आहे त्याचं. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं आणि मलाही.

"विचारलंत तरी का कुणाला?"

"शिंपणाला विचारायचं असतं होय?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मला वेड लागलंय.

आणि खरंच गो, आपल्याकडे कधी कुणी विचारलंय? कुणाकडे दुखणं असलं, मयत झालं, माणूस गावाला गेला, की शेजारच्यानं आपला पाट आवरला की त्याच्या वाडीत पाणी सोडायचं. वर बोलूनही दाखवायचं नाही. शेजाऱ्याची पोफळ वाळली तर त्याच्याआधी आपलं नाव जातं. तुझ्या सासऱ्यांनी त्या वेळी आमची वाडी तशीच तर सांभाळली. मी चार वर्षं मुंबईत राहून ते विसरले होते. अण्णा चार आठवड्यांत कसे विसरतील?

त्यानंतरचे दिवस माझे मुंबईतले सगळ्यात सुखाचे. मी दुपारी डबा घेऊन पूल ओलांडायचे आणि विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं जेवायचो. कधी माझ्या हातात विरी देऊन ते टेकायचे. वाडीत शिरलं की गारवा लागायचा, ओल्या मातीचा वास यायचा आणि मला वाटायचं, माहेर पुलापलीकडे आणून ठेवलंय कुणीतरी. येताना भेटणाऱ्या शेजारणींना मी आपण होऊन सांगायला लागले, वडील आलेत माझे. अण्णाही पुढचं बोलू लागले. पावसाआधी आळी करायला हवीत, त्या कोपऱ्यातल्या पोफळीला कीड आहे, मालक भेटला की रहाट दुरुस्त करायला सांगायचं. मी ते ऐकून मनाशी पक्कं केलं, हे राहतायत. ह्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी अण्णांसाठी बाजारातून नवी घोंगडी आणली.

वैशाखात एका दुपारी मी डबा घेऊन पुलाच्या माथ्यावर आले आणि रोजच्यासारखं समोर बघितलं. एक शेंडा हलला. वारा नव्हता. मग तो आडवा झाला आणि गेला. बाजूला मोकळं आभाळ होतंच, म्हणजे आधीही काही गेले होते. काशे, मी नऊवारीचा काचा घट्ट करून पुलावरून जी धावत सुटले, लोक थांबून बघत होते. बघेनात का.

वाडीत दहा-बारा माणसं कुऱ्हाडी नि दोर घेऊन. अण्णा विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले, हातात विरी तशीच. मुकादम घाटावरचा, चांगला माणूस होता. त्यानं अण्णांना सावलीला बसवून पाणी दिलं होतं. मला म्हणाला, "ताई, म्हाताऱ्या माणसाला सांगायचं न्हाई का? जागा दिवाळीलाच इकली. हितं चाळी हुनार. पाटीवर लिवलंय की. ह्यो रोज मेल्याला पाणी पाजत व्हता."

अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तहान तर होती ना त्यांना?"

मुकादमानं त्यांच्यापुढचं पाणी पुन्हा भरून ठेवलं. काम मात्र थांबलं नाही, थांबवणार कोण? अण्णा शेवटची पोफळ पडेपर्यंत बसून राहिले. मला रडायला येत होतं ते झाडांसाठी नाही, खोटं कशाला बोलू? मला दिसत होतं की माझे अण्णा चालले.

परत येताना ते पुलाच्या माथ्यावर थांबले. संध्याकाळची गर्दी दोन्ही अंगांनी वाहत होती आणि आम्ही कठड्याला चिकटून उभे. मी त्यांचा हात धरला. मोठी झाल्यापासून धरला नव्हता.

"अण्णा, राहा ना. दुसरी वाडी बघू. नाहीतर नुसते राहा."

"नाही, यमे. मला जमायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच चल."

मला वाटलं, चार दिवसांसाठी म्हणतायत.

"चल म्हणजे कायमची. अर्ध्या कोकणातल्या बाया गावात नि दादले मुंबईत. जावई शिमग्याला, गणपतीला येतील. तू इथं सुकतेयस, मला दिसत नाही होय?"

काशे, हेच मी चार वर्षं देवाजवळ मागत होते. रोज मनातल्या मनात ज्या घरी जात होते, ते घर स्वतः पुलावर येऊन मला चल म्हणत होतं. ह्यांनी नको म्हटलं नसतं, स्वभावच नाही त्यांचा. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. आणि नाही म्हणाले.

म्हटलं, ह्यांच्या जेवणाचे हाल होतील. अण्णा म्हणाले, "बरं." त्यांना ते कारण पुरलं. मला नाही पुरलं. ह्यांना खाणावळीचं जेवण माझ्या करपलेल्या आमटीपेक्षा बरं लागलं असतं. खरं कारण त्या रात्री मला माझं मलाच उमगलं आणि लाजच वाटली. ह्या पुलावर मी कुणाची मुलगी, कुणाची सून, डोक्यावरून पदर का घसरला, एवढा वेळ कुठं होतीस, हे विचारणारं कुणी नव्हतं. त्यासाठीच तर मी रडत होते. पण रडता रडता मला त्याची सवय झाली होती. बोर्लीत परत गेले असते तर कुंपणाशी तुझी सासू काढा घेऊन उभी राहिली असती आणि मी गुदमरले असते. माणसानं कशासाठी झुरावं आणि कशावाचून त्याचं चालू नये, ह्याला काही धरबंद नाही बघ.

अण्णा त्याच आठवड्यात बोटीनं गेले. भाऊच्या धक्क्यावर त्यांनी मला पाण्याच्या कडेला येऊ दिलं नाही. नवी घोंगडी मात्र नेली.

पुढं दर वर्षी, बोटी सुरू झाल्या की कुणा ना कुणाच्या तोंडी त्यांचा निरोप यायचा. यमीला विचारा, येतेस काय. मी पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हाही, पोराला आंघोळ घालून मी निजवलं, तर मी समोर असूनही त्यांनी दारातूनच विचारलं, येतेस काय. मी हसायचे. ते पण हसायचे. तो आमचा ठरलेला नमस्कारच झाला होता. पण दर वेळी मला बरं वाटायचं. वाटायचं, जायचं नसलं म्हणून काय झालं, जागा आहे. इथं कुणी टाकून बोललं, पोराच्या आजारपणात सगळी रात्र एकटीनं बसून काढली, हे दमून निजलेले नि मी भिंतीशी, की मी मनात म्हणायचे, अण्णा येतेस काय म्हणालेत. तेवढ्यावर दिवस निघायचा.

अण्णा दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गेले. बोटी बंद. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तू होतीस तिथं, तू त्यांच्या तोंडात पाणी घातलंस, मी नव्हते. त्याबद्दल तुला काय म्हणावं हे मला दोन वर्षं सुचलेलं नाही, अजूनही सुचत नाही. वाडी आता चुलत्यांकडे आहे. ते चांगले आहेत, दसऱ्याला सुपारी पाठवतात. पण ये असं म्हणत नाहीत. का म्हणतील? त्यांच्या लेखी मी मुंबईची. आणि इथल्या बायकांच्या लेखी मी अजून कोकणातली.

पुलावर मी अजून जाते. मुलांना शाळेला पोचवायचं असतं, शाळा पलीकडे आहे. समोर माड दिसत नाहीत आता, घरंच दिसतात, त्यांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. मी थांबत नाही. थांबून बघण्यासारखं काही नाही आणि वेळही नाही. पोरं पुढं पळतात, मी त्यांच्या मागं. हे माझं घर आहे का? असावं. भांडी इथं आहेत, माणसं इथं आहेत, मी मरेन तेव्हा ह्याच पुलावरून मला नेतील. पण काशे, मला ह्या दोन वर्षांत एक कळलंय. आपण राहतो ते बिऱ्हाड. घर म्हणजे जिथून कुणीतरी आपल्याला ये म्हणतं, आपण जाणार नाही हे माहीत असूनही म्हणतं. मला तसं म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

तू म्हण. बोटी सुरू झाल्या की कुणाच्याही तोंडी निरोप पाठव, यमीला विचारा, येतेस काय. मी येणार नाही. तरी विचार.